स्निग्धानंद महाराजांचं नाक

मारुतीच्या पारापासून सोसायटीच्या ऑफिसापर्यंत तेलाच्या डब्यांची रांग लागली होती. माणसं लिंबाच्या सावलीत आणि डबे भर उन्हात, कारण पारावर बसलेल्या स्निग्धानंद महाराजांचं तसं फर्मान होतं. एकेक डबा पुढे सरके, झाकण उघडे, महाराज डोळे मिटून त्यावर नाक नेत आणि सगळी खडकवस्ती श्वास रोखून बघत राही.

"निर्मळ," महाराज म्हणत. नाहीतर म्हणत, "दोष!" दोष निघाला की डब्याची मालकीण कपाळाला हात लावी. वर्षाचं तेल एकदम भरणारी ही माणसं; डबा खवट निघाला तर वर्षभर प्रत्येक भाजीला तोच वास.

"हे नाक माझं नाही, माता," महाराज सांगत. "गुरूंनी हिमालयात बसवून दिलेलं आहे. तेल म्हणजे स्नेह. स्नेहात मत्सर शिरला की तेल नासतं. या गावात एका स्त्रीची दृष्टी तेलावर फिरते आहे. तिच्या घरातच तेल निघतं."

गावात घाणा एकच, बनुबाईचा. नाव घ्यायची गरजच पडली नाही.

हायस्कुलात विज्ञान शिकवणारी ज्ञानेश्वरी गर्दीच्या मागे उभी राहून हे ऐकत होती. बनुबाईच्याच घरात ती भाड्याने राहायची आणि सकाळचा चहा तिच्याच हातचा प्यायची. बाईच्या नजरेत काही असेलच तर मोतीबिंदू, एवढं तिला ठाऊक होतं. तिला हसू आलं.

संध्याकाळी ते हसू पार मावळलं. बनुबाईची भावजय पुष्पावती आली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"वन्सं, आमच्या संस्कृतीच्या तेलवनाला तुमी येऊ नका. लग्नाला या, मांडवात बसा. पन नवरीला तेल लावायला नको."

हळदीआधी नवरीला पहिलं तेल आत्याने लावायचं, ही त्या घराची रीत. बनुबाई शेंगा निवडत होती. "मी आत्या हाय तिची," एवढंच ती म्हणाली.

"व्हय. पन माजा डबा सारखा नासतोय, वन्सं. पोरीच्या संसाराला काही झालं म्हंजे?"

पुष्पावती गेली. जिला खांद्यावर खेळवलं त्या पोरीच्या अंगाला हात लावायचा नाही, हे बनुबाईच्या फार जिव्हारी लागलं. रात्री ती जेवलीच नाही. ज्ञानेश्वरीला महाराजांचा असा राग आला की तिनेही ताट बाजूला सारलं.

पण नुसता राग काय कामाचा? महाराजांचा उपाय लागू पडत होता, ही खरी पंचाईत होती. उपायाचं नाव 'डब्याचं प्रायश्चित्त'. दोषाचं तेल आश्रमाला अर्पण करायचं. डबा राखेने आणि कढत पाण्याने घासून दिवसभर पालथा वाळवायचा. मग आश्रमाच्या टेम्पोतलं नवं तेल त्यात भरून डब्याखाली अंगाऱ्याची पुडी ठेवायची. देवळालीच्या बाजूला ज्यांनी थंडीत हे केलं होतं, त्यांचं तेल अजून ताजं होतं. थोतांड म्हणावं तर कसं म्हणावं?

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी थेट पुष्पावतीच्या स्वयंपाकघरात गेली. चुलीशेजारी तेलाचा डबा होता.

"पुष्पाताई, एरवी हा डबा कधी घासता?"

"घासायचा?" पुष्पावती बघतच राहिली. "मॅडम, तेलाचा डबा कुनी रिकामा करतं का? लक्षुमी जाती घरातली. आमी तर तेल संपलं असंबी म्हनत न्हाई, वाढलं म्हनतो. तळाला वाईच ठेवायचं आन् वरून नवं वतायचं. सासूबाईंच्या येळंपासून असंच हाय."

ज्ञानेश्वरीने डब्याच्या काठावरचा काकवीसारखा चिकट थर नखाने खरवडून हुंगला. जुन्या ऑइलपेंटचा वास आला. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तळातलं थोडं तेल मागून घेऊन ती उठली.

भज्यांची गाडी लावणारे बाबाजानचाचा महाराजांना फार मानत. म्हणूनच तिने त्यांना गाठलं. चार स्टीलचे डबे, चारींत बनुबाईच्या घाण्यावरचं तेल. दोन डबे घासून कोरडे केलेले, दोन डब्यांत तळाला पुष्पावतीचं जुनं तेल. प्रत्येक जोडीतल्या एकाखाली अंगाऱ्याची पुडी, दुसऱ्याखाली काही नाही. कशात काय ते प्रत्येक डब्याच्या बुडाला कागद चिकटवून लिहिलं आणि डबे चाचांच्या पत्र्याखालच्या माळ्यावर गेले. महिनाभर उन्हाळा तापत राहिला, पत्रा आपलं काम करत राहिला.

तेलवणाच्या आदल्या दिवशी महाराजांची फेरी आली. चाचांनी पुड्या बाजूला केल्या आणि चारी डबे घेऊन रांगेत उभे राहिले.

महाराजांनी पहिला हुंगला. "निर्मळ. अंगारा बोलतो आहे." दुसरा हुंगला. "हाही निर्मळ." तिसऱ्यावर नाक नेताच त्यांनी तोंड फिरवलं. "दोष! तीच स्त्री. अंगाऱ्याशिवाय तेल ठेवलंत, आता भोगा." चौथाही दोषाचाच निघाला.

"चाचा," ज्ञानेश्वरी पुढे झाली, "आता बुडाचे कागद वाचा."

चाचांनी चष्मा लावला. पहिला डबा वर धरला, "घासलेला, पुडी न्हाई." गर्दीत कुजबुज झाली. दुसरा पुडीवाला होता. तिसरा कागद चाचांनी आधी मनात दोनदा वाचला. "जुनं तेल खाली. पुडी हाय." चौथ्यात जुनं तेल होतं, पुडी नव्हती.

"श्रद्धेने ठेवली नसेल," महाराज म्हणाले.

"म्हाराज, पुडी मी ठिवली," चाचा म्हणाले. "तुमच्याच हातची. रोज हात जोडत हुतो तिला."

"चारी डब्यांत बनुबाईंचंच तेल आहे," ज्ञानेश्वरी लोकांकडे वळली. "त्यांच्या नजरेने नासायचं तर चारी नासले असते. खवट तेलावर ताजं ओतलं की तेही लवकर खवट होतं, विरजणाने दूध बदलावं तसं. वर चुलीची धग आणि अर्ध्या डब्यातली हवा. डबा घासा, कोरडा करा, काठोकाठ भरा, अंधारात ठेवा. महाराजांच्या उपायातली राख खरी आहे आणि कढत पाणी खरं आहे. पुडीचं आणि टेम्पोचं त्यात काही काम नाही."

"मंग आमचं अर्पन केलेलं तेल कुटं गेलं?" एका म्हातारीने विचारलं.

गुरूंनी बसवून दिलेलं नाक महाराजांनी उपरण्याने पुसलं. मग त्यांना राहुरीतलं तातडीचं काम आठवलं आणि टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

गर्दीत उभी असलेली पुष्पावती तशीच बनुबाईकडे गेली. या वेळी आत गेली आणि तिच्या पायाशी बसली.

"वन्सं, चला. तुमी आल्याबिगर संस्कृती पाटावर बसायची न्हाई म्हनती."

"येते की. तिच्यासाठी येते," बनुबाई म्हणाली. "पन एक सांग पुष्पे. तुजं तेल नासलं, तवा तुला माजं नाव पटलं कसं गं?"

पुष्पावतीने पदर तोंडाला लावला. "पटलं न्हाई, वन्सं. डबा घासन्यापरीस सोपं वाटलं."

दुसऱ्या दिवशी बनुबाईने भाचीला तेल लावलं तेव्हा दोघी रडत होत्या आणि पुष्पावती मान खाली घालून हळद कालवत होती. वाचकहो, तुमच्याही घरात कधीतरी काहीतरी नासेल. तेव्हा कोणाची नजर लागली हे विचारायच्या आधी झाकण उघडा, आत बघा आणि भांडं घासून बघा.