रहन सुटलेलं घर

निजामी गेल्यावर येरमाळ्यात घरबांधणीची सोसायटी निघाली. हिंमतराव आणि त्याचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर, दोघांनी तिच्याकडून कर्ज काढून शेजारी शेजारी घरं बांधली. दोन्ही घरं सोसायटीकडं रहन, म्हणजे गहाण, राहिली. पुढं उत्तरेश्वर तापानं गेला. त्याची बायको कस्तुराबाई येडेश्वरीच्या देवळापाशी खण, नारळ, बांगड्या विकायला बसू लागली. हप्ता तिनं कधी चुकवला नाही आणि बासष्ट सालच्या चैत्री जत्रेनंतर शेवटचाही भरून टाकला.

आता घरावरचा बोजा उतरवायचा, तर सोसायटीच्या चेअरमननं कळंबच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन सही करायला हवी होती. चेअरमन होता हिंमतराव. त्याचं स्वतःचं घर अजून रहनच होतं.

"भावजी, कळंबला कधी जायचं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"बघू. नांगरटीची घाई हाय."

नांगरट झाली, पेरणी झाली, पोळाही गेला. एकदा जेवण वाढताना त्याची बायको विठाबाई म्हणाली, "तिचं सगळं फिटलंय. सही द्यायला तुमचं काय जातंय?"

"तू तिची वकील हाईस का?" त्यानं ताट पुढं सारलं.

एवढ्या काळ्या रानाचा धनी असून त्याचे हप्ते थकले होते आणि बांगड्या विकणारी बाई मोकळी झाली होती. पारावर कुणी तिचं नाव काढलं, की लोक आपल्याकडं बघूनच बोलतायत असं त्याला वाटे. तिनं दाराला नवा रंग दिला, तेव्हा तर तो कुणाशी धड बोलला नाही.

दसऱ्याच्या तोंडावर कस्तुराबाई त्याच्या सोप्यात येऊन उभी राहिली. पदर सारखा केला, पण नजर खाली घातली नाही.

"भावजी, माझं घर सुटतंय हे तुमाला बरं वाटंना, ते मला दिसतंय. हे असते, तर त्यांनाबी असंच थांबवलं असतं का?"

 दसरा झाल्यावर हिंमतराव तिच्यासोबत कळंबच्या बसमध्ये बसला.

कचेरीत कारकुनानं विचारलं, "पूर्ण फेड झाली? सोसायटीचं काही येणं नाही?"

हे तिच्यासाठी आपल्या तोंडानं सांगायचं, याचीच त्याला जळजळ झाली. "काय येणं न्हाय," तो म्हणाला आणि सही केली. टाक इतका दाबला की निब वाकलं.

घर सुटलं म्हणून दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं पुरणाचा स्वयंपाक केला. विठाबाई सकाळपासून तिकडंच होती. पाय दुखतोय म्हणून हिंमतराव गेला नाही. भिंतीपलीकडून दोघी जावांचं हसणं येत होतं. तो उठला, परत बसला. दुपार कलल्यावर मात्र तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"या की, भावजी. पान वाढते."

"नको. पाणी दे."

पाणी पिता पिता त्याची नजर आढ्याकडं गेली. ती तुळई दोघा भावांनी मिळून चढवली होती. तेव्हा उत्तरेश्वरचा खांदा सोलवटला होता, पण तो कुणाला बोलला नव्हता. अर्धं पाणी तसंच ठेवून हिंमतरावानं तांब्या खाली घेतला. ते भावाच्या आठवणीनं की अजून त्याच जळजळीनं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"तुळई चांगली राहिली तुझी," तांब्या परत देत तो म्हणाला. "आमच्या तुळईला वाळवी लागली."