कळांची वाट

ठकी जन्मली तेव्हा तिची आई झोपलेली होती. म्हणजे तिला झोपवलं होतं. दिवसभर कळा सोसून झाल्यावर पोटातल्या बाळाचे ठोके एकदम मंदावले, खोलीत माणसं वाढली, कुणीतरी म्हणालं, "कमरेत इंजेक्शन द्यायला वेळ नाही," आणि तोंडावर मास्क आला. जाग आली तेव्हा घशाला कोरड पडली होती, पोटावर टाके होते आणि सासूबाई खुर्चीत बसून एका गुंडाळलेल्या बाळाला जोजवत होत्या. बाळ धुऊनपुसून, टोपडं घालून शहाण्यासारखं झोपलं होतं.

"बघ, आली तुझी लेक," सासूबाई म्हणाल्या.

लेकीकडे बघताना तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आपण कुणाच्या तरी घरी उशिरा पोचलोय आणि जेवणं उरकली आहेत.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात? लेक धडधाकट होती, ती स्वतः धडधाकट होती. लोक भेटायला आले, म्हणाले, "सुखरूप सुटलीस हो." ती हो म्हणाली आणि गोष्ट तिथेच मिटली, निदान लोकांपुरती.

ती फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. लाकडाच्या पट्ट्या तिरप्या कापायच्या, कोपरे जुळवून चिकटवायचे, काच बसवायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. लग्नाचे, निवृत्तीचे, गेलेल्या माणसांचे फोटो तिच्या हाताखालून जायचे, तिला त्यांचं काही वाटायचं नाही. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा फोटो आला, ओलं, लालबुंद, तोंड वासून आईच्या छातीवर पडलेलं बाळ, की ती त्या काचेवरून फडकं फिरवतच राहायची. दुकानाचे मालक म्हातारे, बिनलग्नाचे आणि जिभेचे तिखट होते. ते लांबून म्हणायचे, "बाई, पुसा, पण भोक पाडू नका."

ठकी चार वर्षांची झाली आणि तिला पुन्हा दिवस गेले.

या वेळच्या डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. जुने कागद चाळून त्यांनी सरळ सांगितलं, "पहिलं सिझर ठोके मंदावले म्हणून झालं. दर वेळी तसंच होतं असं नाही. त्यामुळे या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. बऱ्याच जणींना जमतं. मोठा धोका एकच, कळांच्या जोरानं जुना व्रण उसवण्याचा. तसं क्वचित होतं, पण झालं तर धावाधाव होते आणि पूर्ण भूल द्यायची वेळ येऊ शकते. नाहीतर मग तारीख ठरवून सिझर. निवांत. तुम्ही जाग्या असाल."

"जागी?"

"कमरेखालचं बधिर होतं. डोळे, कान शाबूत असतात."

तिचा नवरा शेजारी बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, मोठमोठ्या इमारतींच्या. त्यानं विचारलं, "क्वचित म्हणजे किती?"

"दोनशेत एखादी."

त्यानं मान हलवली. त्याच्यापुरता निकाल लागला होता.

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे लिफ्टचा दोर क्वचित तुटतो असं कुणी सांगितलं ना, तर आम्ही लिफ्टला कुलूप घालतो."

"मी लिफ्ट नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

तिला त्याचा राग आला होता आणि त्याचं खोटं नाही हेही कळत होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण पोळलं होतं तिचंही. आणि तिला तर तीच वाट पुन्हा चालायची होती. अर्ध्यात सुटलेलं काम हातावेगळं करायला माणूस परत जातो, तसं.

भांडण पुढे आठवड्याभरानं झालं, भांडी घासताना. तो घासत होता, ती पुसून ठेवत होती.

"तुला काय," ती म्हणाली, "तू होतास तिथे. सगळं पाहिलंस, ऐकलंस. नव्हते ती मी एकटीच."

"काय ऐकलं मी?"

"ठकीचं रडणं. पहिलं."

त्यानं नळ बंद केला. हाताला साबण तसाच होता. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "दार बंद होतं. दाराखाली फट होती, तिच्यातून आतल्या चपला दिसायच्या. त्या पळत होत्या. मी तेवढंच बघत होतो. म्हटलं, चपला पळताहेत तोवर ठीक आहे. मग सिस्टर बाळ घेऊन बाहेर आली. ते झोपलं होतं. मी विचारलं, आणि ही? ती म्हणाली, अजून शुद्धीवर यायच्या आहेत. मी बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही गं. आईनं घेतलं त्याला."

ती हातात ताटली घेऊन उभी राहिली. चार वर्षं तिला वाटत होतं, ते रडणं आपल्यापाशी नाही, पण याच्यापाशी आहे. घरातलीच वस्तू, दुसऱ्याच्या खणात ठेवलेली. ती घरात कुणापाशीच नव्हती.

"कोण रडलं?" ठकी दारात उभी होती.

"तू," बाप म्हणाला. "जन्मलीस तेव्हा."

"कशी?"

"आम्हाला नाही माहीत."

ठकीनं थोडा विचार केला. मग ती फरशीवर उताणी पडली, डोळे गच्च मिटले, हातपाय झाडले आणि भोंगा वाजावा तसा टाहो फोडून दाखवला. मग उठून बसली. "अशी," म्हणाली आणि निघून गेली.

दोघं हसत सुटली. हसता हसता त्यानं साबणाच्याच हातानं डोळे पुसले आणि मग खरंच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं त्याला नळाखाली वाकवलं, ओंजळीनं डोळ्यांवर पाणी मारलं. भांडण तिथेच राहिलं.

सासूबाई त्यांच्याजवळच राहत. एका दुपारी त्या ठकीचे जुने कपडे काढून बसल्या होत्या, कुठला नव्या बाळाला चालेल, कुठला पुसायला घ्यायचा. तिनं विचारलं, "आई, तुमचं बाळंतपण कसं झालं होतं?"

"विसरले बाई."

"असं कसं विसराल?"

"दुखणं विसरायला होतं. नाहीतर जग पुढे चाललं नसतं." त्यांनी एक झबलं उजेडात धरून पाहिलं. "एक मात्र आठवतं. शेवटी शेवटी एक वेळ येते, वाटतं, आता आपल्याच्यानं होत नाही. संपलं. आणि तेवढ्यातच होतं." मग त्यांना काहीतरी जाणवलं. झबलं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुझं काही कमी पडलं असं नाही म्हणत हं मी."

"ठाऊक आहे."

"मला तू हवीस. मग कशीही सुट."

सासूबाईंनी मनापासून सांगितलं होतं, आणि तिला ते पोचलंही. पण रात्रंदिवस मनात घोळत राहिली ती आधीची गोष्ट. आता होत नाही असं वाटतं, आणि तेवढ्यातच होतं. ती तिथवर गेली होती, निदान जवळपास तरी, आणि नेमकं तिथेच तिला झोपवलं होतं. बायकांना आंबटगोडाचे डोहाळे लागतात. तिला कळांचे लागले होते.

शेवटी तिनं ठरवलं आणि डॉक्टरबाईंना सांगितलं, नवऱ्यादेखत. "आपणहून कळा आल्या तर मला प्रयत्न करायचाय. तारीख उलटून गेली आणि तुम्ही द्याल तेवढ्या मुदतीत आल्या नाहीत, तर सिझर करू. मध्येच तुम्ही म्हणालात की आता पुरे, तर मी हुज्जत घालणार नाही."

"मुदत एक आठवडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मी औषध देऊन कळा आणणार नाही. त्यानं व्रणावर ताण वाढतो. आल्या तर आपल्या आपण."

"चालेल."

नवरा इतका वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होता. तो म्हणाला, "मी आत असेन. काहीही झालं तरी."

"पूर्ण भूल द्यावी लागली तर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एरवी या."

मग वाट पाहणं सुरू झालं. कळा याव्यात म्हणून ती रोज चालायला लागली, सकाळी बाजारापर्यंत, संध्याकाळी पुलापर्यंत. घरी जिना चढायची. खालचे शेजारी म्हणायचे, "लिफ्टवाल्याची बायको आणि जिन्यानं?" ती म्हणायची, "कारागिराची कामं कारागिराच्या बायकोलाच ठाऊक." दुकानात मालकांनी तिला काच उचलायला बंदी केली होती. ती बसून नुसते कोपरे चिकटवायची.

दिलेली तारीख आली आणि गेली. पोटात काही खुट्ट झालं की ती श्वास रोखून बसायची. बाळाला उचकी लागलेली असायची, नाहीतर ते कूस बदलत असायचं.

एका दुपारी मात्र कळ आली. पाठीतून निघाली, पुढे आली, पोट दगडासारखं झालं, मग ओसरली. तिनं टेबलाची कड धरली. थोड्या वेळानं पुन्हा आली, आणि पुन्हा. तिनं कुणाला सांगितलं नाही. इतक्या दिवसांनी आलेली गोष्ट तिला थोडा वेळ एकटीची हवी होती. मालकांनी चहा आणून ठेवला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय झालं? लॉटरी लागली का?"

"बहुतेक," ती म्हणाली.

नवऱ्याला फोन करून ती बस स्टॉपवर आली. बाकावर बसली. तेव्हाच तिला जाणवलं, दोन कळांमधलं अंतर लांबतंय. बस आली, ती चढली नाही. हललं तर कळा मोडतील असं वाटलं. दुसरी बस आली, तीही जाऊ दिली. पोटावर दोन्ही हात ठेवून ती मनात म्हणत होती, ये ना. आणखी एक अगदी बारीकशी आली, लांबून हाक मारल्यासारखी. मग काही नाही.

नवरा धावतपळत आला तेव्हा ती तशीच बसली होती.

"गेल्या?" त्यानं विचारलं.

"गेल्या."

तो शेजारी बसला. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता.

"तुला बरं वाटलं असेल," ती म्हणाली.

"थोडं वाटलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण तुझ्याकडे बघून वाईटही वाटलं. दोन्ही वाटलं."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. पुढची बस दोघांनी घेतली.

मुदत संपली, कळा आल्या नाहीत. ठरलेल्या सकाळी ती अंघोळ करून, ठकीची वेणी घालून, बॅग घेऊन निघाली, जणू कामावरच निघालीय. दारातून बाहेर पडतानाही तिनं एकदा पोटाला विचारून पाहिलं. पोट गप्प होतं.

ऑपरेशनच्या खोलीत गारठा होता. सिस्टरनं तिला बसवलं, पुढे वाकवलं, "मांजरासारखी पाठ करा," म्हणाली. सुई टोचली, पाय गरम झाले, मग जड, मग तिचे राहिलेच नाहीत. छातीपुढे हिरवा पडदा लागला. नवरा टोपी आणि मास्क घालून उशाशी बसला. त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि तेही भेदरलेले. तिनंच त्याचा हात धरला.

"आता ओढल्यासारखं वाटेल," पडद्यापलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या.

पिशवीच्या तळाशी गेलेली किल्ली शोधताना आपण पिशवी घुसळतो, तसं आत काहीतरी चाललं होतं. दुखत नव्हतं. मग एकदम मोठा भार कुणीतरी उचलून नेला. क्षणभर काहीच नाही. मग गुळण्या केल्यासारखा बारीक, चिडका आवाज, एक लांब श्वास, आणि मग मोकळं, खणखणीत रडणं.

"ऐकलंस?" नवरा तिच्या कानाशी म्हणाला.

"गप्प बस," ती म्हणाली. "ऐकू दे."

मुलगा होता. सिस्टरनं त्याला जेमतेम पुसून तिच्या गालाशी आणून ठेवलं. ओला, गरम, तोंड वासलेला. ती रडायला लागली, आणि नवऱ्याला वाटलं ती आनंदानं रडतेय. आनंदानं रडत होतीच. पण ठकीसाठीही रडत होती. ठकीही अशीच रडली असेल, एवढ्याच जोरानं, आणि ऐकायला तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. इतकी वर्षं तिला एवढंच ठाऊक होतं की काहीतरी हुकलंय. केवढं, ते आज कळलं.

दुपारी सासूबाई ठकीला घेऊन आल्या. ठकीनं बाळाला निरखून पाहिलं आणि विचारलं, "याला काय काय येतं?"

"रडता येतं," आई म्हणाली.

"मला पण येतं," ठकी म्हणाली आणि आजीबरोबर खाली काहीतरी खायला निघून गेली. नवरा खिडकीपाशी उभा राहिला. बाळ छातीशी होतं, चोखायला शिकत होतं.

व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज यायला लागला. आधी दबका, मग मोठा, मग ओसरलेला. सिस्टर दार लावायला आली. "नवी आलीय. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. तुम्हाला त्रास होईल."

"राहू द्या उघडं," ती म्हणाली.

सिस्टर खांदे उडवून गेली. नवरा तिच्याजवळ येऊन बसला. "हेवा वाटतो?"

"वाटतो," ती म्हणाली.

"हे सगळं नीट झालं तरी?"

"नीट झालं तरी."

त्यानं समजूत घातली नाही. तिच्या पायांवरची चादर सारखी केली. पायांत अजून पुरती जाण आली नव्हती. टोकाच्या खोलीत पुन्हा आवाज वर चढला, तशी तिनं नकळत खाटेची दांडी धरली, तो ओसरेपर्यंत धरून ठेवली, मग सोडली. बाळ चोखत होतं. पुढची कळ यायला थोडा वेळ होता.