मिरच्यांचा ठसका

जयाताईंनी पदूच्या दाराची कडी वाजवली, तसा आतला मिक्सर एकदम गप्प झाला.

"सून घरी नाय," पदूची आई आतूनच म्हणाली. "माहेरी गेलीय."

माहेरी कसली! दाराखालच्या फटीतून जोडवी घातलेली दोन पावलं दिसत होती, आणि ती जागची हलत नव्हती. जयाताई गावच्या आशाताई; गरोदर बायांची नावं नोंदवणं हे त्यांचं काम. नोंदवही छातीशी धरून त्या पुढच्या दाराकडे वळल्या, तोच मागून ठसका आला. पदूच्या आईने सुनेवरून मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या होत्या.

पावसाळ्यापासून हेच चाललं होतं. जयाताईंनी ओळीने तीन बायांची नावं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लिहिली, आणि तिघींचंही पोटातलं गेलं. झालं! आशाताईने नाव लिहिलं की मूल राहत नाही, असं गावाने ठरवूनच टाकलं. बाया सहा-सहा महिने पोट लपवू लागल्या. तपासणी नाही, गोळ्या नाहीत.

"अगं बायांनो, पेनानं कुठं पोर जातं? अक्कल गहाण टाकलीत का?" जयाताई चिडून म्हणायच्या. पण भर दुपारी त्यांच्यापुढे एकेक दार लागत जायचं, तेव्हा त्यांच्याही अंगावर काटा यायचा.

त्या घरी आल्या. त्यांची सून आरोही तीन महिने चौक गावी माहेरी राहून कालच आली होती. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. तव्यावर सात मिरच्या काळ्याठिक्कर जळत होत्या. घरभर धूर होता, ठसका मात्र नव्हता.

नजर जबर असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, असं जयाताईंची आई सांगायची. त्यांनी मुद्दाम खोल श्वास घेतला. काहीच नाही.

"कितवा महिना गं?"

आरोही दचकून वळली. "सहावा. रागावू नका, आई. तुमाला सांगितलं असतं तर तुमी लिहिलं असतं."

जयाताईंची नजर तिच्या पायांवर गेली. पावलं टम्म सुजली होती.

"डोकं दुखतं?"

"आठ दिवस झाले. डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

जयाताईंनी शेगडी बंद केली, सुनेचा दंड धरला आणि रस्त्यावरून जाणारी जीप थांबवली. दोघींनी कशेळ्याचा दवाखाना गाठला.

दवाखान्यात सिस्टरने बीपी घेतलं, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला.

"आजच आणलंत म्हणून बरं. भरती करावं लागेल. नाव नोंदवलंय?"

"नाय."

"मग हा कागद घ्या, तुमचीच सून ना? तुम्हीच लिहा, तोवर मी इंजेक्शन भरते."

जयाताईंनी पेन घेतलं. नावाची ओळ कोरी होती. खाटेवरून आरोही त्यांच्या हाताकडे बघत होती, डोळ्याची पापणीही न लववता. पंधरा वर्षांत शेकडो नावं लिहिलेला तो हात कागदावर टेकला आणि थांबला.

जयाताईंनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "तुमीच लिहा. माझ्या हातानं नको."