कृष्णरावांचा उघडा कान

मी एक जुना इअरमफ आहे. कारखान्यातल्या गोंगाटापासून कान वाचावेत म्हणून डोक्यावरून घालतात, तोच. माझा मूळ रंग पिवळा होता असं सांगितलं तर तुम्ही हसाल. दोन वाट्या, त्यांत फोम आणि वरून जोडणारी पट्टी, एवढाच माझा संसार. पट्टी आता सैल झाली आहे आणि खरं सांगायचं तर मीही थकलो आहे.

मित्रांनो, भिलाईतल्या एका लहान कारखान्यात मी अकरा वर्षे काढली. तिथे लोखंडी सळया कापतात. तुकडे पत्र्याच्या घसरगुंडीवरून दिवसभर खणखणत खड्ड्यात पडतात. मी कृष्णराव फिटरच्या वाट्याला आलो. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इकडे आलेले, घर भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीत. कृष्णराव मशीनचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखत. बेअरिंग जाणार असलं तर आठवडाभर आधी सांगत. त्यासाठी ते माझी डावी वाटी कानामागे सरकवून ठेवत. सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही आपापली डावी वाटी मागे सरकवली. बाहेरचे साहेब पाहणीला आले की तेवढ्यापुरतं मला फडक्याने पुसून दोन्ही कानांवर चढवत. त्या मिरवण्याचा मला वीट आला होता.

मागच्या वर्षी कारखान्यात सुरक्षेचं काम पाहायला प्रणिता मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांचे कान तपासून घेतले. कृष्णरावांचा डावा कान जवळजवळ गेला होता. बायकोचा, विजयाबाईंचा आवाज अलीकडे बारीक झाला आहे, असंच ते इतके दिवस समजत होते. तपासणीचा कागद पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे नका लिहू. मले मशीनवरून काढतीन."

"लिहावं तर लागेल काका. पण हा आवाज कमी कसा होईल, ते तुम्हीच सांगा ना. मशीन तुमच्याइतकी कोणाले समजते?"

दोन दिवसांनी कृष्णरावांनी भंगारातून कन्व्हेयर बेल्टचं जुनं रबर आणलं आणि घसरगुंडीवर आतून ठोकून बसवलं. खणखणाट गेला, नुसती धपधप उरली. पूर्वी शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे, आता ओरडायची गरज राहिली नाही. मॅडमनी कारखान्याच्या साहेबांशी भांडून कृष्णरावांची मशीनवरची जागाही राखली.

यंदा कान वाचवण्याच्या कामासाठी आमच्या कारखान्याला बक्षीस मिळालं. मॅडमनी बक्षिसाची ढाल स्वतः न घेता कृष्णरावांना पुढे केलं. मी त्यांच्या गळ्यातच होतो. बोला म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "मशीनचं दुखणं मले आयकू येत होतं. माह्या कानाचं नाही आलं."

मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षे मी त्यांच्या डोक्यावरच तर होतो.

मित्रांनो, गेलेला कान परत येत नाही, कितीही मोठी ढाल मिळाली तरी. माझ्यासारखे म्हातारे झाले की खुशाल फेकून द्या, नवे आणा. फक्त ते दोन्ही कानांवर घाला, आणि पाहायला कोणी आलेलं नसतानाही घाला.