घराच्या वाट्याचा तुकडा

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी रालित्साची आई रुम्याना हिने चीजच्या बनित्सात, म्हणजे पापुद्र्यांच्या भाजलेल्या पोळीत, सहा चिठ्ठ्या लपवल्या आणि सहाही चिठ्ठ्यांवर एकच शब्द लिहिला: आरोग्य.

रीत अशी की प्रत्येक तुकड्यातल्या चिठ्ठीत वेगळं भाग्य असावं. पण डॉक्टरांनी रालित्साच्या बाबांना वसंतापर्यंतची मुदत दिली होती, ती बाबांना कुणी सांगितली नव्हती, आणि सहात एक ही शक्यता रुम्यानाला अजिबात मंजूर नव्हती.

"बाकीच्यांनी काहीतरी खोटं वाचायचं," तिने स्वयंपाकघरात लेकीला आणि जावयाला बजावलं. "आणि क्रुम, तू कमी बोल." आजीला नुसती गंमत आहे एवढंच सांगितलं होतं.

रीतीप्रमाणे पहिला तुकडा घराच्या नावाचा. तो न उघडता परातीत राहिला. मग आजीपासून सुरुवात, बाबा शेवटी. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. ते गप्प कसे बसणार?

"आरोग्य एकाच्याच नशिबी. आत्ता सहात एक."

आजीने चिठ्ठी चष्म्याशी नेली. "मला जुळं होणार म्हणते."

"अभिनंदन, आई. उचललेला तुकडा परत जात नाही. म्हणजे पाचात एक."

"प्रेम," रुम्यानाने वाचलं.

"कुणाशी?"

"ते लिहिलेलं नाही."

"बरं. चारात एक."

रालित्साला बढती मिळाली. तिला नोकरी नव्हती. "तिनात एक!" बाबांचा आवाज चढला, फळ्यापाशी चढायचा तसा. तो आवाज घरात कितीतरी दिवसांनी ऐकू आला होता. रालित्साने मान खाली घातली.

तिचा नवरा क्रुम घामाघूम. "गाय," तो म्हणाला.

"काय?"

"गाय मिळणार मला."

ते दोघं चौथ्या मजल्यावर राहत.

"गॅलरीत बांधा, जावईबापू. आता अर्धी-अर्धी. एक तर घर, नाहीतर मी."

बाबांनी चिठ्ठी उघडली. "आरोग्य," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "आरोग्य!" रुम्याना रडली, हे काही ठरलेलं नव्हतं. बाबांनी तीन घास खाल्ले. एरवी एक जात नसे.

आणि मग त्यांनी परात पुढे ओढली. "पडताळा करायला हवा."

घराच्या वतीने खोटं कुणी बोलायचं, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. रालित्साचा हात पुढे झाला, पण चिठ्ठी बाबांच्या बोटांत होती. एका शब्दाच्या मानाने त्यांनी ती फारच वेळ वाचली.

"घराला काय रे?" आजीने विचारलं.

"प्रवास."

त्यांनी कागद तोंडात टाकला, नीट चावला, गिळला आणि वर घोटभर पाणी घेतलं. रुम्याना त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, वर्गात बरोबर उत्तराला हलवायचे तशी.

"अरे, घर प्रवासाला गेल्यावर आम्ही कुठं राहायचं?"

"तुम्ही इथंच राहायचं, आई," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी."