दोन्ही डोळे उघडे

माझा डावा डोळा अर्धाच उघडतो. जन्मापासून. नजर ठणठणीत आहे, पापणी तेवढी आळशी. बाबांचीही तशीच. त्यामुळे गल्लीत बाबा 'पेंगुळमास्तर' आणि मी आपोआप 'पेंगुळ्या'. शाळेत सर ओरडायचे, "झोपलास का रे?" मी म्हणायचो, "अर्धाच, सर." मार मात्र पूर्ण बसायचा.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं या पापणीवरून झालं.

बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत आमचं घर. आई गेल्यापासून दोघंच. आणि मी फोटो साफ करतो. म्हणजे एका कंपनीत बसून दिवसभर लोकांचे चेहरे. ओळखपत्रांचे, नोकरीच्या अर्जांचे, जाहिरातींचे. कुठल्या कोर्सला वगैरे गेलो नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकत चुकत शिकलो. चेहरे इतके यायचे की मी एक शॉर्टकट बनवला. एक बटण दाबलं की डाग गायब, डोळे सारखे, खांदे एका रेषेत, हनुवटी जरा वर. बॉसने त्याचं नाव ठेवलं 'साफ'. अख्खं ऑफिस तो वापरतं. मला फार भारी वाटायचं.

एकदा बाबांना दाखवलं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. बाबा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसले.

"या माणसाचे दोन्ही खांदे सारखे कसे काय?"

"मी केले."

"कोणाचेच नसतात रे. तुझा डावा अर्धा इंच खाली आहे. शिंपी ते गिऱ्हाइकाला बोलून दाखवत नाही, गुपचूप शिवून घेतो. शर्ट माणसाला बसला पाहिजे, माणूस शर्टाला नाही."

"बाबा, हल्ली लोक शर्टाच्या आधी फोटो बघतात."

"मग अवघड आहे," बाबा म्हणाले आणि दोरा दातांनी तोडला.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या काचेच्या दारात हजेरीचं मशीन बसवलं. दाराच्या बाहेर एक, आत एक. चेहरा दाखवायचा, दार उघडतं. येतानाही, जातानाही. एचआर मॅडमनी सगळ्यांकडून एकेक फोटो मागवला. मी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, आणि पाठवायच्या आधी 'साफ' दाबलं. मुद्दाम नाही, शपथ. जांभई आली की हात तोंडावर जातो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही."

मागे रांग. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा चष्मेवाला मागून ओरडला, "पेंगुळ्या, मशीनलाही वाटतंय तू झोपेत आलास!"

सिक्युरिटीवाले काका उठून आले. "हनुवटी वर घ्या साहेब. डोळे उघडा."

"उघडलेत की काका."

"दोन्ही."

मी कपाळ वर ओढलं. पापणी ताणली. खांदे सरळ केले, श्वास धरला. हिरवा दिवा लागला. "स्वागत आहे."

तेव्हाच मॅडमना सांगायला हवं होतं, फोटो बदला म्हणून. पण लाज वाटली. लोकांचे चेहरे साफ करणाऱ्याने स्वतःचाच केला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि अजून खरं सांगायचं तर मला तो फोटो आवडला होता. दोन्ही डोळे उघडे असलेला मी. रोज सकाळी एक सेकंद त्याच्यासारखं व्हायचं, काय बिघडतंय?

पंधरा दिवसांत सवय झाली. मग तो चेहरा दाराच्या आतही टिकायला लागला. जिन्यात, मीटिंगमध्ये. बॉस म्हणाला, "हल्ली एकदम फ्रेश दिसतोस. क्लायंटसमोर तू चल." मी गेलो, बोललो, सगळे खूश. काय बोललो ते मात्र आठवेना. तसं बरंच काही आठवेनासं झालं होतं. जेवलो की नाही हे बघायला डबा उघडावा लागायचा. बसमधून उतरलो की कळायचं, अरे, आलो. मला वाटलं, यालाच बिझी असणं म्हणत असतील.

एका संध्याकाळी घरी आलो. बाबा मशीनवर होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "या, बसा. काय शिवायचंय?"

मी हसलो. बाबा चेहरा न हलवता गंमत करतात, हे मला माहीत आहे. "पँट शिवा, तीन पायांची," मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत. गिऱ्हाइकासाठीचं स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं. "मुलाकडे काम होतं का? यायचाय तो अजून. सहापर्यंत येतो."

घड्याळात सव्वासहा.

"बाबा, अहो मीच."

बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. खांद्यांकडे बघत होते. "चाळीस वर्षं मापं घेतोय," ते हळू म्हणाले, "असे खांदे नाही पाहिले. तुमचं शिवायला फार सोपं जाईल." आणि हे बोलता बोलता त्यांनी टेबलावरची कात्री उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली.

ती कात्री बघितली आणि मला कळलं. बाबा गंमत करत नव्हते. घाबरले होते. मला.

मी बाहेर आलो. कोपऱ्यावर एका बंद शटरला टेकून पापणी सैल सोडायला गेलो. सुटेना. कपाळ दुखतही नव्हतं. म्हणजे ताणून धरलेलं असं काही उरलंच नव्हतं, चेहरा तसाच झाला होता. बोटाने पापणी खाली ओढली, धरून ठेवली. किती वेळ कोण जाणे. श्वास कधीपासून छातीत अडकला होता, तो सोडला. मग डावा खांदा हळूच खाली आला. त्याच्या मागून पापणी.

परत गेलो.

"आलास? एवढा उशीर?" बाबा म्हणाले. "एकजण येऊन गेला तुझ्याकडे. माणूस चांगला वाटला, पण..."

"पण काय?"

"काही नाही. हातपाय धू."

दुसऱ्या दिवशी दांडी मारली. बाबांना म्हटलं, अंग मोडून आलंय. त्यांच्या शेजारी बसून बटणं लावत होतो. नऊ वाजून दोन मिनिटांनी मोबाइल वाजला. ऑफिसचा मेसेज. 'स्वागत आहे. हजेरी नोंदवली.' सोबत दारातला फोटो. दोन्ही डोळे उघडे.

चष्मेवाल्याला फोन लावला. "अरे, मशीन बिघडलंय. माझी हजेरी लागली, मी तर आलोच नाही आज."

"सकाळी सकाळी पुड्या सोडू नकोस. समोर बसलायस माझ्या."

"मी घरी आहे."

तो हसला. मग एकदम त्याचा आवाज बारीक झाला. "तुझे दोन्ही हात कीबोर्डवर आहेत. मग फोनवर कोण बोलतंय?"

"तो काय करतोय?"

"काम. कसला स्पीड आहे! येऊन पाच मिनिटं नाही झाली, वीस चेहरे झाले." मग तो कुजबुजला. "पेंगुळ्या... पापणी लवत नाहीये रे त्याची."

"तू उठ तिथून."

"तो बघतोय माझ्याकडे," चष्मेवाला म्हणाला, आणि फोन कट झाला.

बाराच्या सुमाराला धीर करून मी बाबांना सगळं सांगितलं. बटण, फोटो, मशीन, काल आलेलं गिऱ्हाईक. मला वाटलं, म्हणतील झोप काढ जरा. ते ऐकून घेत होते, हातात सुई तशीच.

"तो डोळा कोणाचा होता, माहितीये?" शेवटी म्हणाले.

"माझा."

"तुझा कसला! माझा. माझ्या आधी माझ्या आईचा. तिच्या आधीचं मला माहीत नाही. एका बटणात आख्खं खानदान काढून टाकलंस की रे गाढवा."

मला हसू आलं आणि रडूही.

"जा, फोटो बदलून ये," बाबा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. कालच मी तुला ओळखलं नाही. आज तुम्ही दोघं आहात. उद्या एकच उरला आणि तो म्हणाला 'बाबा', तर मी काय करू?"

दुपारी एकला ऑफिसच्या दारात पोचलो. सिक्युरिटीवाल्या काकांनी मला पाहिलं, मग काचेतून आत पाहिलं, मग परत मला. टोपी काढून हातात घेतली.

मी एचआर मॅडमना खाली बोलावलं. त्या टॅब घेऊन आल्या, बंद दाराबाहेरच, काचेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "फोटो बदलायला एवढी घाई? जेवायची वेळ आहे बाबा माझी. बरं, उभा राहा सरळ."

"सरळ नाही राहत मॅडम. असाच उभा राहतो."

"राहा कसाही. जुना काढून टाकू ना कायमचा?"

"हो."

टॅबच्या स्क्रीनवर मी दिसत होतो. आणि कपाळ आपोआप वर जायला लागलं. मी ओढत नव्हतो. कोणीतरी आतून दोरी ओढावी तसं. तेवढ्यात मॅडमच्या खांद्यावरून मला कॉरिडॉर दिसला. लांबून कोणीतरी येत होतं. घाईत नाही, पण थांबणारंही नाही. माझा निळा शर्ट. बाबांनीच शिवलेला. डाव्या खांद्यावर मात्र तो चुरगळला होता, कारण बाबांनी अर्धा इंच उतार दिला होता आणि आतल्या माणसाचा खांदा उतरतच नव्हता.

पळावंसं वाटलं. पळालो असतो तर चेहरा ताणलेलाच राहिला असता. म्हणून काहीच केलं नाही. बूट जमिनीवर आहेत, हे बघितलं. उजवा मोजा घसरलाय. तोंडाला कोरड आहे. भीती वाटतेय, वाटू दे. श्वास आत गेला, बाहेर आला. डावा खांदा जड आहे, जाऊ दे खाली. स्क्रीनवरच्या माणसाकडे नुसतं बघत राहिलो. दिवसाला दोनशे चेहरे बघणारा मी, पण याच्याकडे काहीही दुरुस्त न करता इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं. पापणी उतरली.

"डोळा जरा उघडतोस का?" मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. एवढाच आहे."

त्यांनी बटण दाबलं.

तो काचेपाशी पोचला होता. आमच्यामध्ये हातभर अंतर आणि एक काच. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आतल्या मशीनपुढे उभा राहिला, हनुवटी वर, खांदे एका रेषेत. अगदी बिनचूक.

"ओळख पटली नाही," आतून आवाज आला.

त्याने पुन्हा चेहरा दाखवला.

"ओळख पटली नाही."

"आत कोण अडकलंय?" मॅडम मागे वळायला लागल्या. काका मध्ये आले. "मी बघतो मॅडम, तुम्ही मागच्या दाराने जेवायला जा." मग मला हळूच म्हणाले, "साहेब, मागे वळून बघू नका. घरी जा."

मी गेलो. बसमध्ये मोबाइल वाजत राहिला. दर मिनिटाला. ओळख पटली नाही. ओळख पटली नाही. मी बंद नाही केला. खिडकीबाहेर बघत बसलो, प्रत्येक स्टॉप मोजला.

बाबा दारात उभे होते. गळ्यात टेप. मला बघून बोटाने जवळ बोलावलं. मानेपासून उजव्या खांद्याचं टोक, तिथून जमिनीपर्यंत. मग डावा. टेप डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"अर्धा इंच," म्हणाले. टेप परत गळ्यात टाकली. "ये, पेंगुळ्या."

बाबांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, मशीनवर बसले. मी स्टुलावर बसून त्यांची पाठ बघत होतो. त्यांचाही डावा खांदा खाली. आयुष्यभर बघितलेली पाठ, आज पहिल्यांदा दिसली.

साडेपाचला, ऑफिस सुटून सगळे दारातून बाहेर पडतात त्या वेळी, मोबाइल गप्प झाला.

सहाला बाबांनी चहा टाकला, एक कप माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. सव्वासहाला बाहेर पावलं वाजली. दारापाशी थांबली. दाराच्या वरच्या जाळीदार काचेवर सावली पडली. खांदे एका रेषेत.

"बाबा," बाहेरून माझा आवाज आला. "दार उघडा. मी आलोय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अर्ध्या डोळ्याने. मी उठायला लागलो तर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा जरा," ते दाराकडे बघून, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाले. "आमचा चहा चाललाय." मग माझ्याकडे वळून, "तू पी रे आधी. गार होतोय."

सावली हलली नाही. मी कप तोंडाला लावला. चहात साखर जरा जास्त झाली होती. ती तळाशी साचली होती. मी तळापर्यंत प्यायलो.