नुकसान झालं की या

सुनावणीला बाई अगदी तयारीनिशी गेल्या. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. तळ्याकाठच्या रंगाच्या कारखान्याबद्दल आपण नाही बोलायचं तर कोणी? कारखान्याचं घाण पाणी सरळ तळ्यात सुटत होतं. तळं जसं आजच्यांचं, तसंच उद्या जन्मणाऱ्यांचंही, असं त्या वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगत आल्या होत्या.

नगरपालिकेच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं काय नुकसान झालंय?"

"अजून काहीच नाही. म्हणून तर आत्ता आले."

"मग तुम्ही बाधित नाही. नियमानं इथे फक्त बाधितांना बोलता येतं. नुकसान झालं की या."

साहेब चेष्टा करत नव्हते, हीच तर गंमत. सभागृह मात्र खो खो हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसला तो बाईंच्या शेजारी बसलेला त्यांचा धाकटा भाऊ. "ताई, चल, घंटा झाली. तुझा तास संपला!"

तो रोज सकाळी तळ्यात पोहायचा. पाण्याला वास यायला लागला तरी ऐकेना. "लहानपणापासून ओळखतो मी या तळ्याला. ते मला दगा देणार?" बाई त्याच्यावर डाफरायच्या, आणि त्याचा ओला टॉवेल दोरीवर वाळतही घालायच्या.

पुढच्या सुनावणीच्या आतच त्याच्या यकृतानं मान टाकली आणि तो गेला. डॉक्टरांनी पाण्याचंच नाव घेतलं. टॉवेल बाईंनी अजून दोरीवरून काढला नव्हता.

या खेपेला बाईंचा मान काय विचारता! पहिल्या रांगेत खुर्ची, हातात माईक, पुढ्यात पाण्याची सीलबंद बाटली. साहेब तर खरोखर हळहळले. "बोला बाई. आता तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काय मागणी आहे तुमची?"

हाच हक्क बाईंनी मागितला होता, तेव्हा भाऊ शेजारी बसून दात काढत होता. आता काय मागायचं? तो परत द्या म्हणायचं?

मागच्या रांगेत शेजाऱ्यांची सून बसली होती, पोटुशी. बाईंनी माईक तिच्याकडे धरला. "माझा वेळ हिला द्या. हिचं घर तळ्याला लागून आहे. हिला आत्ता बोलू द्या."

साहेबांनी सुनेकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काही त्रास?"

"अजून तरी नाही," ती म्हणाली.

"मग नाही चालणार." साहेबांचा आवाज मऊ झाला. "पण तुम्ही काळजी करू नका, बाई. यांचा नंबर आला की यांनाही बोलावूच."